जुनी गाडी, ट्रॅक आणि पुढचा कच्चा दुवा

मित्रहो, जुनी गाडी उभी करायला घेतली की काम कुठून सुरू होणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. गंजलेला पत्रा, गळकं इंजिन, फाटकी सीट. ते कुठे संपणार हे मात्र मध्यावर आल्यावर बदलू लागतं. मूळ रूपात आणायची म्हणून घेतलेली गाडी काही वर्षांनी रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा सांगाडा), रुंद टायर आणि ऑइल कूलर लावून ट्रॅकवर उभी दिसते. याचं खापर मालकाच्या हौसेवर फोडलं जातं. हौस असतेच, पण काम वाढण्यामागे एक यांत्रिक कारणही आहे, आणि आज त्याविषयीच बोलायचं आहे. कारखान्याने टायरची पकड, ब्रेकची ताकद, स्प्रिंगचा कडकपणा, बॉडीचा ताठपणा हे सगळं एकमेकांना पुरेल इतकंच ठेवलेलं असतं. यातली एक गोष्ट वाढवली की भार पुढच्या कच्च्या दुव्यावर जाऊन पडतो. तो दुवा कोणता हे आधी कळलं, तर काम वाढूनही हाताबाहेर जात नाही.

उदाहरणाला एकच गाडी धरू : एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १९६२ साली आली, १९८० पर्यंत बनत राहिली. चार सिलिंडरचं १७९८ सीसी इंजिन, पुढे डिस्क, मागे ड्रम, मागच्या अ‍ॅक्सलला पाटे आणि वेगळी चॅसी नसलेली मोनोकॉक बॉडी. १९६३ च्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत ही गाडी एकूण बारावी आणि आपल्या गटात पहिली आली होती. म्हणजे तिचा मूळ आराखडा ट्रॅकला नालायक नाही. फक्त तो कोणत्या भारासाठी आखला होता हे विसरून चालत नाही.

पत्र्यापासून सुरू करू. उघड्या एमजीबीची ताकद तिच्या दारांखालच्या सिलमध्ये आहे. बाहेरचं सिल हा नुसता दिसणारा भाग. आतलं सिल, मधला उभा पत्रा आणि खालचा पट्टा मिळून जी पेटी तयार होते, ती बॉडीला वाकू देत नाही. नुसतं बाहेरचं सिल कापून नवं वेल्ड केलं तर गाडी दिसायला नवी होते आणि आतून पोकळच राहते. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, चौकोनी पाइपचा आधार वेल्ड करायचा आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. आधार दिला नाही तर बॉडी मध्ये झुकते, दाराची वरची फट मिटते, आणि त्या अवस्थेत नवं सिल वेल्ड झालं की वाक कायमचा बसतो. रस्त्यावर हे फक्त दार नीट न लागण्यापुरतं जाणवेल. ट्रॅकवर मात्र चार चाकांचे कोन कधीच जुळणार नाहीत, कारण ते ज्या बिंदूंवर टांगलेले आहेत ते बिंदूच जागेवर नाहीत. पुढे कधी ट्रॅकचा विचार होईल अशी पुसटशी शक्यता असेल, तर पत्र्याच्या टप्प्यातच पाट्यांचे हँगर आणि पुढच्या क्रॉसमेंबरच्या (पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या आडव्या तुळईच्या) बसण्याच्या जागा तपासून घ्या. रंग चढल्यावर हेच काम करायचं म्हणजे पुन्हा सगळं उघडणं आलं.

आता टायर. काम खरं वाढतं ते इथून, कारण चांगले टायर घेणं सर्वात सोपं असतं आणि परिणाम सर्वात लांबवर जातात. हिशेब करून पाहू. चालकासह गाडी १००० किलो धरा, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, दोन चाकांमधलं अंतर १.२५ मीटर. उभ्या गाडीत प्रत्येक बाजूवर ५०० किलो. त्या काळच्या अरुंद टायरवर वळणात ०.७ जी (१ जी म्हणजे गाडीच्या वजनाइतका आडवा जोर) मिळत असेल तर आतल्या बाजूचे २८० किलो बाहेरच्या बाजूवर सरकतात. मऊ रबराच्या आधुनिक टायरने तोच आकडा १ जीवर नेला तर ४०० किलो सरकतात. म्हणजे बाहेरच्या दोन चाकांवर ९००, आतल्या दोघांवर मिळून १००. इंजिनला हातही लावलेला नाही आणि हब, बेअरिंग, स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा), रिम यांच्यावरचा भार पार बदलून गेला.

पहिला बळी तारेच्या चाकांचा जातो. आरे सैल होतात, मग तुटतात. म्हणून ट्रॅकसाठी पत्र्याचे किंवा मिश्रधातूचे रिम घ्यावेत, आणि त्यासाठी हबही बदलावे लागतात, कारण तारेच्या चाकाचा हब दातेरी असतो. त्यानंतर पुढचे बेअरिंग. एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये एक स्पेसर (अंतर राखणारी नळी) आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. सोपं पडतं म्हणून बरेच जण ते काढून टाकतात आणि नट अंदाजाने आवळतात. तो स्पेसर स्टब अ‍ॅक्सलला ताठ ठेवतो. काढला की अ‍ॅक्सल वळणात लवतो, डिस्क तिरकी फिरते, पॅड मागे ढकलले जातात आणि पुढच्या ब्रेकिंगला पेडल अर्ध्यापर्यंत रिकामं जातं. माणूस ब्रेकमध्ये दोष शोधत राहतो आणि दोष असतो हबमध्ये. शिम लावून मोकळीक ०.०५ ते ०.१० मिमी ठेवायची, डायल गेजने मोजून.

कँबर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा कल, तोही बदलावा लागतो. मूळ गाडीत पुढचं चाक वर किंचित बाहेर झुकलेलं, साधारण १ अंश पॉझिटिव्ह. ट्रॅकवर दीड ते अडीच अंश निगेटिव्ह, म्हणजे वर आत झुकलेला, लागतो, नाहीतर टायरची बाहेरची कड काही फेऱ्यांत संपते. या गाडीत वरचा आर्म म्हणजेच लिव्हर शॉकअब्सॉर्बर, त्यामुळे कँबर फिरवायला बोल्ट नाही. लांब खालचे आर्म बसवावे लागतात. किती अंश पुरे हे अंदाजाने ठरवू नका. ट्रॅकवरून आल्या आल्या सुईच्या तापमापकाने टायरचं रबर आत, मध्ये आणि बाहेर मोजा. बाहेरची बाजू तापलेली असेल तर निगेटिव्ह कँबर वाढवा; आतली बाजू थोडीशीच जास्त गरम असेल तर ठीक आहे; मधला भाग सर्वात गरम म्हणजे हवा जास्त झाली.

गाडी खाली बसवण्याचा मोह सगळ्यांना होतो. २५ मिमीपर्यंत ठीक. त्यापुढे खालचा आर्म वर तिरका होतो, रोल सेंटर (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली जातो आणि कडक स्प्रिंग घालूनही गाडी जास्त कलू पाहते. शिवाय सस्पेन्शन बंप स्टॉपवर (हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्यावर) आदळलं की त्या क्षणी स्प्रिंग नसल्यासारखीच असते. बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली अस्तरं) रबराऐवजी पॉलियुरेथेनचे घातले की रबर जो धक्का गिळत होतं तो थेट पत्र्यात जातो. म्हणून आधी पत्रा, मग बुश.

ब्रेकवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथली चूक माणसाच्या जिवावर येते. १००० किलोची गाडी १६० वरून ८० किमी वेगावर आणली तर साधारण ७४० किलोज्यूल उष्णता निघते. ताशी १०० वरून पूर्ण थांबण्यात निघते त्याच्या ही जवळजवळ दुप्पट. त्यातली पाऊण पुढच्या दोन डिस्कमध्ये गेली आणि एक डिस्क ५ किलोची धरली, तर प्रत्येक ब्रेकिंगला डिस्कचं तापमान सुमारे १२० अंशांनी चढतं. ट्रॅकवर पुढचं वळण अर्ध्या मिनिटात येतं. तेवढ्यात डिस्क पुरती निवत नाही, आणि आकडा चढतच जातो.

ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, याचा अर्थ पॅड तापून त्यांचं घर्षण गेलं. पेडल मऊ होऊन खाली जातंय, याचा अर्थ ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली. पहिल्यावर उपाय जास्त तापमानाचे पॅड. दुसऱ्यावर ताजं ऑइल आणि हवेचा पाइप. डॉट ३ ऑइल कोरडं असताना निदान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ निदान २३० ला. पण ओलावा शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. डबा फोडून वर्षभर ठेवलेलं ऑइल म्हणून ट्रॅकला वापरायचं नाही. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते रंग खराब करत नाही म्हणून जुन्या गाड्यांच्या मालकांना आवडतं. पण ते थोडं दाबलं जातं आणि तापल्यावर पेडल स्पंजासारखं लागतं. ट्रॅकच्या गाडीत ते नको. ऑइल बदलताना रबराचे जुने होजही बदला, आणि बंपरच्या मागून डिस्कच्या मध्यभागी हवा सोडणारा ६० ते ७५ मिमीचा पाइप टाका. मोठ्या कॅलिपरच्या आधी हे करा. बऱ्याच गाड्यांना एवढंच पुरतं.

तरीही मोठे कॅलिपर बसवलेच तर साखळी पुन्हा सुरू होते. पिस्टन मोठे म्हणजे ऑइल जास्त लागणार, पेडल खोल जाणार. मग मास्टर सिलिंडर मोठा करावा लागतो. १९.०५ मिमी बोअरवरून २२.२ मिमीवर गेलात तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. पेडल वर येतं, पण तेवढाच दाब मिळवायला पायाने ३६ टक्के जास्त जोर द्यावा लागतो. पुढचे ब्रेक वाढले आणि मागचे ड्रम तसेच राहिले तर पुढची चाकं आधी अडकतात. म्हणजे समतोल नव्याने जमवणं आलं. आणि सर्वो (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारं उपकरण) असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : तीव्र कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) घातला की इनलेटमधला व्हॅक्यूम कमी होतो आणि सर्वोची मदत घटते. इंजिनच्या कामाने ब्रेक कमजोर होतो, असा हा दूरचा संबंध आहे.

पकड वाढल्याचा आणखी एक परिणाम ऑइल पॅनमध्ये होतो. १ जीच्या वळणात तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. वळण लांब असेल तर पंपाच्या जाळीजवळ तेल उरत नाही, पंप हवा ओढतो आणि बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथले) काही सेकंदांत खराब होतात. मूळ लाल दिवा अगदी कमी दाबाला पेटतो, तोपर्यंत उशीर झालेला असतो. २० ते २५ पीएसआयला पेटणारा स्विच आणि डोळ्यासमोर मोठा दिवा बसवा. वळणात काटा बघायला कुणाला वेळ नसतो. पॅनमध्ये जाळीभोवती पत्र्याच्या आडभिंती वेल्ड करणं हे सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी काम. त्यापुढची पायरी दाबाखाली तेल साठवणारी टाकी. ड्राय संप (तेल पॅनऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) रस्त्यावरून ट्रॅकवर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना लागत नाही. तेलाचं तापमान १३० अंशांपुढे जाऊ लागलं की कूलर वाढवा, आणि त्याला थर्मोस्टॅट लावायला विसरू नका; गार तेलही इंजिनचं नुकसान करतं.

इंजिनच्या ताकदीबद्दल थोडक्यात. या इंजिनच्या हेडमध्ये चार सिलिंडरना दोनच इनलेट पोर्ट आहेत. १ आणि २ एका पोर्टवर, ३ आणि ४ दुसऱ्यावर. एका पोर्टवरचे दोघे समान अंतराने श्वास घेत नाहीत, त्यामुळे मिश्रण सारखं वाटलं जात नाही. मोठे कार्ब्युरेटर घातल्याने हा दोष जात नाही. हेड फेस करून (घासून) कॉम्प्रेशन वाढवताना व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर मऊ मातीचा गोळा ठेवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून मोजा : इनलेटला निदान २ मिमी, एक्झॉस्टला अडीच. रिंगची फट बोअरच्या व्यासाच्या हजारात चार भाग, म्हणजे ८०.२६ मिमी बोअरला ०.३२ मिमी, ट्रॅकसाठी थोडी जास्त, कारण तापून टोकं भिडली की रिंग पिस्टनची कड तोडते. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या स्प्रिंग सैल झालेल्या असतात, त्यामुळे टायमिंग फक्त आयडलवर लावू नका. पूर्ण अ‍ॅडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते) किती होतो ते टायमिंग लाइटने ४००० आरपीएमच्या आसपास पाहा. नॉकिंग (मिश्रण चुकीच्या वेळी पेटल्याचा ठोका) ट्रॅकवर हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही.

रोल केज हा असा टप्पा आहे जिथून परत येता येत नाही. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटर क्रीडा संघटनेच्या परिशिष्ट जे, कलम २५३ प्रमाणे मुख्य कमानीचा पाइप ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिमीचा, शिवण नसलेल्या कार्बन स्टीलचा. बोल्टच्या केजच्या पायाखाली किमान १२० चौ. सेंमी. क्षेत्रफळाची, ३ मिमी जाडीची पट्टी बॉडीला वेल्ड केलेली, आणि ८.८ दर्जाचे निदान तीन एम८ बोल्ट. ऐतिहासिक गाड्यांच्या शर्यतींना परिशिष्ट के लागू असतं, आणि तिथे त्या काळी नसलेले कित्येक भाग चालत नाहीत. म्हणून कोणत्या नियमाखाली गाडी धावणार हे पाइप वाकवण्याआधी ठरवा. केज बसवलेली गाडी हेल्मेटशिवाय रोज रस्त्यावर चालवणं धोक्याचं आहे. मऊ आवरण असलं तरी डोकं त्या पाइपच्या फार जवळ असतं.

माझं मत सांगायचं तर क्रम असा असावा : पत्रा, मग ब्रेक आणि हब, मग तेल आणि थंडावा, मग टायर आणि सस्पेन्शन, आणि ताकद सगळ्यात शेवटी. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो. प्रत्येक टप्प्यात एकाच गोष्टीला हात लावावा आणि तिचा परिणाम मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. जे काम उलटवता येतं ते आधी करा. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून ठेवा, कारण कापलेले मडगार्ड परत येत नाहीत.

ट्रॅकवरची पहिली खेप पाच-सहा फेऱ्यांपेक्षा मोठी नको, आणि शेवटची फेरी ब्रेक जवळपास न वापरता काढायची. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ड्रमला लायनर दाबून राहिले की ड्रम वाकडा होतो. चाकाखाली ठोकळा लावा. मग चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा, कारण नवे रिम पहिल्या तापण्यानंतर बसतात आणि नट सैल होतात. पॅडची जाडी, हबची मोकळीक आणि टायरची तीन तापमानं वहीत लिहा. सस्पेन्शनच्या प्रत्येक बोल्टवर आधीच रंगाची रेघ मारून ठेवलेली असेल तर कोणता सरकला ते एका नजरेत दिसतं. सरकलेला बोल्ट नुसता आवळून गाडी पुन्हा बाहेर काढू नका. तो काढून भोक लांबट झालंय का ते बघा. भोक लांबट झालं असेल तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवून पत्र्याकडे परत यायचं.