मिठावरचा कर, विडीवरचा कर

श्रोतेहो, नमस्कार.

वेंगुर्ल्याहून रेडीच्या वाटेवर शिरोडा लागतं. मे १९३० मध्ये तिथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. मिठावरचा कर किनाऱ्याला का बोचला, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मीठ नुसतं जेवणापुरतं लागत नाही. बांगडा खारवायचा, वाळवायचा, पावसाळ्याची बेगमी करायची, तर मीठ हवंच. जे टाळताच येत नाही त्यावर कर बसवणं म्हणजे गरिबाच्या ताटात हात घालणं.

आता कर आहे विडी-सिगारेटवर, साखरेच्या फसफसत्या पेयांवर. केरळने २०१६ साली बर्गर-पिझ्झावरही १४.५ टक्के लावून पाहिला. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा या पेयांवर २८ टक्के आणि वर १२ टक्के उपकर बसला. आमच्या बंदरावरचा एक खलाशी मला म्हणाला, "पैशे माझे, छाती माझी. सरकाराक काय पडलाहा?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. जाणत्या माणसाचा खिसा पिळून त्याला सुधारायचं, यात त्याचा अपमान आहेच. शिवाय तोच कर बोटीच्या मालकाला जाणवतही नाही, खलाशाच्या मात्र जिवाला लागतो. तरी मी कराच्या बाजूचा आहे. छाती त्याची एकट्याची नसते. तो अंथरुणाला खिळला की पोरगा शाळा सोडून बोटीवर चढतो. आणि विडी म्हणजे मीठ नव्हे. ती नसली म्हणून मासळी सडत नाही.

मात्र, कर घेणाऱ्याने व्यसन सोडवायला हातही दिला पाहिजे. आमच्याकडे कितीतरी बायका मिशरी लावतात. तंबाखू घरीच तव्यावर भाजलेली, कराने ती महाग होऊन होऊन किती होणार? शेजारची काकी सांगते, "मिशरी लावली काय भूक कळणा नाय." या बाईला आधी पोटभर जेवण हवं, आणि तोंडात पांढरा चट्टा उठला तर तो बघणारं कुणीतरी जवळ हवं. राज्यघटनेच्या ४७व्या कलमात राज्याचं प्राथमिक कर्तव्य सांगताना पोषण आधी आलंय, सार्वजनिक आरोग्य त्याच्यामागून.

खलाशाचा दुसरा प्रश्न मला अजून सोडत नाही. "तीस वर्सा विडी ओढतंय, तितकीच वर्सा कर भरतंय. माझा तोंड तपासूक डॉक्टर कधी येतलो?"