हॉल, टेप आणि कपड्यांचा ढीग

(रिकामा हॉल. फरशीवर टेप लावणारे हात, जवळून.)

हे हात दिसतायत ना, त्यांच्या मालकाला सकाळी वाटलं होतं की आपण बोटीतून लोकं काढणार. आल्या आल्या हातात टेपचा रोल आणि मोजपट्टी दिली. शाळेचा हॉल आहे, पुराचं पाणी अजून उतरलेलं नाही, दुपारपर्यंत माणसं यायला लागतील आणि त्याआधी फरशीवर चौकोन आखून व्हायला हवेत.

माणशी साडेतीन चौरस मीटर. हा आकडा कुणी मनानं ठरवलेला नाही. 1997 साली रेड क्रॉस-रेड क्रिसेंट आणि बऱ्याच मदत संस्था एकत्र आल्या, आपत्तीत माणसाला कमीत कमी काय मिळालंच पाहिजे ते लिहून काढायला. स्फिअर म्हणतात त्याला, त्यातला हा आकडा. हॉल समजा 20 बाय 14 मीटरचा, म्हणजे 280 चौरस मीटर, म्हणजे 80 माणसं. कागदावर! मधली वाट सोडा, दारं मोकळी ठेवा, सामानाचा कोपरा काढा, की त्याहून कमीच बसतात. आणि मग कुणीतरी म्हणतंच, अहो सरका ना थोडं, संकटाचीच वेळ आहे. पण दाटीवाटीनं झोपवलं की खोकला आणि खरूज दोन्ही हॉलभर फिरतात, म्हणून ही टेप.

(दार. टेबल. वहीवर पेन.)

नाव, वय, सोबत कोण, रोजची गोळी कुठली चालू आहे, घरातलं कुणी सापडत नाहीये का. एवढंच विचारायचं. काय झालं, कसं झालं, हे आपणहून उकरायचं नाही, सांगितलं तर ऐकायचं. डब्ल्यूएचओनं 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं पुस्तक काढलं त्यातही हेच आहे, बघा, ऐका आणि योग्य माणसाशी गाठ घालून द्या. आणि एकटं मूल आलं तर 'मी याचा काका' म्हणत कुणी उभा राहिला तरी स्वयंसेवकानं परस्पर सोपवायचं नाही, ज्याच्याकडे ते काम आहे त्यालाच बोलवायचं. वही कुणालाही दाखवायची नाही, आम्हालाही दाखवली नाही, म्हणून शॉटमध्ये फक्त पेन आहे.

(इथं निवेदन नको. आजी, हातात एकच बूट. 12 सेकंद.)

(पाण्याची टाकी. काचेची छोटी नळी.)

आता हे नीट बघा. नळीत टाकीतलं पाणी, त्यात एक बारीक गोळी, हलवायचं. गुलाबी झालं की क्लोरीन आहे. नळाशी, लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम उरलेलं पाहिजे, औषध टाकल्यावर अर्धा तास थांबून मगच बघायचं. ही पोरगी दिवसातून कितीतरी वेळा ही नळी उन्हात धरते, आणि तिला कुणी विचारलं कॅम्पवर काय करतेस तर म्हणते, रंग बघते. माणशी 15 लिटर धरा, 80 माणसांना रोज 1200 लिटर. यातलं एक टँकर जरी तसंच गेलं, तर जुलाब सुरू.

संडासांचं शूटिंग केलेलं नाही, करायचंही नव्हतं. सुरुवातीला 50 माणसांमागे एक चालवून घेतात, पुढं 20 मागे एक, आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट.

(व्हरांडा. ढीग. कॅमेरा वर वर जातो.)

आणि हा ढीग. कपडे. दानाचे. पहिल्या दिवशी सगळ्यांना बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी व्हरांडा गेला, तिसऱ्या दिवशी पावसाचे शिंतोडे लागून वास मारायला लागला. सहा जणं नुसती वेगळं करतायत, बायकांचे, पुरुषांचे, लहान मुलांचे, फाटके, आणि 'हे कुणी का दिलं असेल' हा एक वेगळा खोका. बघा, कोट. बघा, चकचकीत पार्टीवेअर. हवंय काय, तर कोरे आतले कपडे, सॅनिटरी पॅड, टॉवेल, आणि ते ढिगात शोधून सापडत नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यालाही जुन्या कपड्यांचे असेच ढीग रस्त्याकडेला पडलेले होते, म्हणजे हे काय पहिल्यांदा नाही होत. आधी फोन करून विचारा, एवढंच म्हणणं आहे, आणि या सहा जणांना पाण्याकडे, वहीकडे मोकळं करा. आणि यायचं असेल तर दहाव्या दिवशी या, पहिल्या दिवशी गर्दी असतेच.

(हॉल. पुन्हा रिकामा.)

तिसऱ्या आठवड्यात लोकं गेली, कुणी घरी, कुणी नातेवाइकांकडे, शाळा सुरू करायचीये. टेप नखानं खरवडून काढावी लागली.

(गेट. रिव्हर्स घेणारा टेम्पो, मागं गाठोडी.)

ड्रायव्हर विचारतोय, कुठं उतरवू?