भुऱ्याच्या घशात काय अडकलं होतं?

(मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. अंगण, सकाळची वेळ.)

हा व्हिडिओ अठरा सेकंदांचा आहे. नागपुरात, हुडकेश्वरच्या पलीकडे, जिथे वस्ती विरळ होते आणि गोठे सुरू होतात, तिथल्या एका अंगणात नववीतल्या मुलाने तो डिसेंबरात काढला. भुऱ्या या कुत्र्याची मान बघा. तो ती पुढे ताणतो, कोपरं बाहेर काढतो, दोनदा खोकतो आणि तिसऱ्यांदा घशातून ओढल्यासारखा आवाज येतो. जमिनीवर पांढरा फेस पडतो. लगेच शेपूट हलवत तो कॅमेऱ्याजवळ येतो.

मागे ऐकू येतो तो आजीचा आवाज. "हाडूक अडकून हाये त्याच्या नरड्यात. काढ ना बाप्पा."

पाच आठवडे हेच चाललं होतं. घराजवळच्या एका दवाखान्यातून खोकल्याचं पातळ औषध मिळालं, मग गोळ्या, मग दुसरं पातळ औषध. औषध दिलं की दोन दिवस आवाज कमी व्हायचा. एक्स-रे झाला नाही. विष्ठाही कोणी तपासली नाही.

(दवाखाना. तपासणीचं टेबल.)

हा दुसरा दवाखाना. इथल्या डॉक्टर मॅडम नागपूरच्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. सेमिनरी हिल्सवरचं हे महाविद्यालय १९५८ पासून आहे. मॅडम आधी व्हिडिओ मागतात आणि तीनदा बघतात. दवाखान्यात आलेलं कुत्रं बहुतेक वेळा खोकतच नाही, म्हणून अशा व्हिडिओला मोल आहे.

भुऱ्याला हात लावण्याआधी त्या विचारतात, "इंजेक्शनचं कार्ड आणलं का?"

मुलगा प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढतो. कार्डावरच्या रेबीज लसीच्या तारखांवर मॅडमचं बोट फिरतं, तिथे कॅमेरा मुद्दाम थांबवला आहे. रेबीज झालेल्या काही कुत्र्यांचा जबडा लुळा पडतो. गिळता येत नाही, लाळ गळते, आणि घरच्यांना वाटतं हाड अडकलं. मग कोणीतरी तोंडात हात घालतं. लाळेतला विषाणू बारीकशा ओरखड्यातूनही आत जातो, आणि लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. या मुलाने दोनदा हात घातला होता. भुऱ्याची लस वेळेवर झालेली होती. कार्ड बघून झालं, हातमोजे चढले, आणि मग टॉर्च लागला.

घशात हाड नव्हतं.

(बाकावर बसलेला पॉमेरेनियन.)

आता हा आवाज ऐका. बाकावरच्या या पॉमेरेनियनचा खोकला बदकाच्या ओरडण्यासारखा आहे. कुत्र्याची श्वासनळी इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या कूर्चेच्या कड्यांनी उघडी राहते. काही छोट्या जातींत ही कडी सैल पडतात, नळी चपटी होते, आणि गळपट्टा ओढला की असा आवाज निघतो. त्याच्या मालकांना मॅडमनी गळपट्टा काढून छातीचा पट्टा घालायला सांगितलं.

भुऱ्याचा आवाज तसा नाही. मॅडम त्याच्या श्वासनळीवर दोन बोटांनी हलका दाब देतात. तो खोकत नाही. श्वासनळीला सूज असती तर या दाबाने उबळ यायला हवी होती. स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या बाजूला बराच वेळ राहतो. हृदयाची झडप गळत असेल तर ठोक्यासोबत फुस्स असा आवाज येतो, तसा इथे येत नाही. डासांमुळे होणाऱ्या हृदयातल्या जंतासाठी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला. तिथेही काही मिळालं नाही.

मग मॅडमनी विचारलेला एक प्रश्न, आमच्या मते, त्या दिवशीचा सगळ्यात कामाचा होता.

"खाल्लेलं बाहेर येतं तेव्हा पोट आखडतं का रे?"

"नाही मॅडम. मान खाली घालते आन् पोळी तशीच्या तशी येते. लांब, नळीसारखी."

उलटी होताना पोट जोर लावतं, अर्धवट पचलेलं अन्न आणि पित्त येतं. भुऱ्याची पोळी पोटापर्यंत पोचतच नव्हती. अन्ननलिकेत वाटेतच अडून ती परत येत होती. अन्ननलिका आणि श्वासनळी शेजारी शेजारी आहेत. परत आलेलं थोडं चुकीच्या वाटेला गेलं की खोकला. पाच आठवडे औषध श्वासनळीचं चाललं होतं.

(एक्स-रे, उजेडाच्या पेटीवर.)

हे हृदय. हा श्वासपटल, पोट आणि छातीमधला पडदा. या दोघांच्या मधली जागा काळी दिसायला हवी, तिथे ही धूसर गाठ आहे. आता वर पाठीच्या मणक्यांकडे बघा. त्यांची खालची कड गुळगुळीत असते. इथे ती खडबडीत झाली आहे. गाठ आणि खडबडीत मणके एकत्र दिसले की एका जंताचा संशय पक्का होत जातो. त्याचं नाव स्पायरोसर्का ल्युपी. ल्युपी म्हणजे लांडग्याचा.

विष्ठा साखरेच्या दाट पाण्यात ढवळली, अंडी तरंगून वर आली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते औषधाच्या कॅप्सूलसारखं अंडं मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाएवढं आहे आणि त्याच्या आत अळी आधीच गुंडाळून बसली आहे. ही अंडी रोज पडत नाहीत. भुऱ्याच्या पहिल्या दोन नमुन्यांत काहीच नव्हतं. मॅडमनी तिसरा मागवला.

भूल देऊन दुर्बीण अन्ननलिकेत गेली. गुलाबी भिंत, आणखी खाली, आणि ही गाठ, अंगठ्याच्या पेराएवढी. टोकाला एक छिद्र. छिद्रातून बाहेर आलेला तो लाल धागा म्हणजे जंत. तो हलतोय.

(गोठ्यामागची पायवाट. शेणकिडा.)

भुऱ्याच्या अंगात हा जंत शिरला तो पावसाळ्यात. पहिल्या सरींनंतर शेणकिडे जमिनीतून वर येतात. आमच्या कॅमेऱ्यासमोर हा एक किडा शेणाची गोळी मागच्या पायांनी ढकलत नेतोय, दगड आला की वळसा घालतोय. गाईच्या शेणात मात्र या जंताची अंडी नसतात. ती बाधित कुत्र्याच्या विष्ठेत असतात, आणि शेणकिडा तीही खातो. त्याच्या पोटात अळी वाढते. तो किडा कुत्र्याने गिळला, किंवा किडा खाल्लेली पाल गिळली, किंवा उकिरड्यावर किडे टिपणाऱ्या गावरान कोंबडीची कच्ची आतडी खाल्ली, की अळी कुत्र्याच्या पोटात पोचते. आजी भुऱ्याला दर रविवारी अशीच आतडी घालायच्या, मायेने.

तिथून पुढे अळी जठराची भिंत भेदते, रक्तवाहिनीच्या भिंतीतून वर सरकत महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, गाठते आणि तिथे सुमारे तीन महिने मुक्काम करते. नंतर शेजारच्या अन्ननलिकेत शिरून गाठ बांधते. विष्ठेत अंडी यायला पाच-सहा महिने लागतात. म्हणून जुलैचा किडा डिसेंबरात खोकला होऊन आला. त्या पाच महिन्यांत भुऱ्या अंगणात हुंदडत होता, ते फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये आहेत.

धमनी कधी फुटते, गाठीचा कधी कर्करोग होतो. भुऱ्याच्या बाबतीत तिथपर्यंत गेलं नव्हतं.

उपचार डोरामेक्टिन या जंतनाशकाच्या इंजेक्शनांचा. मात्रा वजनावर ठरते, आणि 'कोली'सारख्या (Collie) कुत्र्यांच्या काही जातींना याच गटातली औषधं बाधू शकतात, म्हणून मेडिकलमधून आणून घरी टोचायचं हे औषध नाही. जेवण पातळ, थोडं थोडं, भांडं उंच स्टुलावर.

(मार्च. तोच दवाखाना, तीच दुर्बीण.)

गुलाबी भिंत. आणखी खाली. गाठ होती तिथे आता हरभऱ्याएवढा फुगवटा उरलाय. छिद्र मिटलं आहे.

(जुलै. अंगण, पहिला पाऊस.)

मुलाच्या एका हातात भुऱ्याची दोरी आहे, दुसऱ्या हातात जुन्या पत्र्याचं सुपलं. गोठ्याकडे जाताना तो भुऱ्यामागे थांबतो, विष्ठा सुपल्यात घेतो, खड्ड्यात टाकून माती ओढतो. आजी दारातून विचारतात, "कोंबडीचं शिजवून ठेवलं हाये. चालते ना रे त्याले?"

"चालते."

भुऱ्या स्टुलाशी उभा राहतो.