सेंट लेजर १९४७ : बडोद्याचा 'सयाजीराव' आणि त्याचे प्रतिस्पर्धी

बडोद्यात सयाजीराव हे नाव विद्यापीठाला आहे, बागेला आहे आणि इस्पितळालाही आहे. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी आपल्या आजोबांचे हेच नाव शर्यतीच्या एका घोड्याला दिले होते. देश नुकताच स्वतंत्र झालेला असताना, सप्टेंबर १९४७ मध्ये, तो घोडा इंग्लंडमधील डॉन्कास्टर येथे सेंट लेजर शर्यतीत उतरला.

१७७६ पासून चालत आलेली ही शर्यत तीन वर्षांच्या घोड्यांची असून तिचे अंतर पावणेदोन मैलांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे २९०० मीटर आहे. सर्व नरांच्या पाठीवर वजन सारखेच असते, त्यामुळे कमी ओझ्याची सवलत त्यांच्यापैकी कोणालाच मिळत नाही. शेवटच्या दोन फर्लांगांत कोणात दम शिल्लक राहील, एवढेच पारखायचे असते. पण तेच सर्वांत अवघड.

ते किती अवघड असते, हे त्याच वर्षी ट्यूडर मिन्स्ट्रेलने दाखवून दिले होते. एक मैलाची 'टू थाउजंड गिनीज' शर्यत त्याने आठ लेंथने (घोड्याच्या आठ लांबींनी) जिंकली आणि दीड मैलाच्या डर्बीत फेव्हरिट असूनही तो चौथा आला. त्याचा बाप ओवेन ट्यूडर हा डर्बी आणि लांब पल्ल्याची गोल्ड कप, या दोन्ही शर्यती जिंकलेला. म्हणजे केवळ बापाकडे पाहून पोराचा दम ठरवणारे येथे सपशेल फसले.

सयाजीराव या दोन्ही शर्यतींत तिसरा आला होता. वरवर पाहता ही कामगिरी बेताची वाटते. पण गिनीजमध्ये जो ट्यूडर मिन्स्ट्रेल त्याच्या कितीतरी पुढे होता, तोच डर्बीत त्याच्या मागे राहिला, आणि जाणकाराने टिपून ठेवावी अशी गोष्ट हीच होती. त्याच उन्हाळ्यात सयाजीरावने आयर्लंडची डर्बीही जिंकली. १९४५ ची डर्बी जिंकणारा डान्टे हा त्याचा सख्खा भाऊ, म्हणूनच एक वर्षाच्या या शिंगरासाठी महाराजांनी २८,००० गिनी मोजल्या होत्या. ब्रिटनमध्ये तोवर एवढी किंमत कोणत्याही शिंगराला आलेली नव्हती.

केवळ नोंदी पाहायच्या, तर आगाखानांचा करड्या रंगाचा मिगोली सरस होता. डर्बीत तो दुसरा, म्हणजे सयाजीरावच्या पुढे होता आणि नंतर त्याने सव्वा मैलाची एक्लिप्स स्टेक्स जिंकली होती. शंका होती ती एवढीच की, सव्वा मैलावर चमकलेला हा वेग आणखी अर्धा मैल टिकेल का.

फ्रान्सच्या मार्सेल बुसाक यांच्या आर्बारबाबत ही शंका घ्यायला जागाच नव्हती. त्याची आई अॅस्ट्रोनोमी. तिचाच मुलगा मार्सियास याने लांब पल्ल्याची 'प्री द्यु काद्रां' चार वेळा जिंकली होती, आणि दुसरा मुलगा काराकाला १९४६ च्या अॅस्कट गोल्ड कपचा विजेता होता. निव्वळ दमाचा विचार केला, तर आमच्या मते आर्बारलाच पहिली पसंती द्यावी लागली असती. सयाजीराव मात्र या दोघांच्या मधला होता : वेगात गिनीजच्या पहिल्या तिघांत बसणारा आणि वाढत्या अंतरावर अधिक खुलणारा.

ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट स्वार असलेला आणि ट्रेनर आर्मस्ट्राँग यांनी तयार केलेला सयाजीराव जिंकला, पण अवघ्या एका डोक्याच्या फरकाने. दुसरा आर्बार आला आणि तिसरा मिगोली. पुढच्याच वर्षी आर्बारने अॅस्कट गोल्ड कप जिंकला, तर मिगोलीने पॅरिसची 'आर्क द त्रियोंफ' ही मोठी शर्यत, त्यामुळे डॉन्कास्टरला मागे पडलेले हे दोघे लेचेपेचे नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

सयाजीरावच्या दमाचा पुरावा पुढे त्याच्या संततीतही मिळाला. त्याची मुलगी ग्लॅडनेस हिने १९५८ मध्ये अॅस्कट गोल्ड कप पटकावला आणि १९६४ ची सेंट लेजर त्याचा मुलगा इंडियाना याने जिंकली.