घरातले दोन काटे

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर अर्ध्यावर आला की मुंबईत एक वाक्य जिथे तिथे कानावर पडतं. केकची बशी पुढे केली की समोरची बाई म्हणते, "अगदी एवढासाच हं, वजन फार वाढलंय माझं." ऑफिसात, सोसायटीच्या गच्चीवर, विरार लोकलच्या लेडीज डब्यात कुणाचा वाढदिवस असला तर तिथेसुद्धा. पुरुषांच्या तोंडून हे मी फारसं ऐकलेलं नाही. ते पोटावरून हात फिरवतात आणि दुसरा तुकडा उचलतात. बायका आधी कबुली देतात, मग खातात. मी नाताळात घरून केकच्या ऑर्डरी घेते, म्हणजे हे वाक्य ऐकणं हा माझा जोडधंदाच म्हणा ना. तर आज थोडं केकबद्दल बोलू आणि थोडं तो खाणाऱ्या अंगाबद्दल.

नाताळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तो काळपट प्लम केक येतो. पण मुंबईच्या नाताळाला स्वतःचा फराळ आहे. वांद्र्याची गावठाणं, माझगावची माथारपाखाडी, गिरगावातली खोताची वाडी, इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत या दिवसांत नेवऱ्या तळल्या जातात. आपली करंजीच ती. कुलकुल म्हणजे मैद्याचे तळलेले गोड शंखाकृती तुकडे; ते काट्याच्या पाठीवर नाहीतर कोऱ्या कंगव्यावर वळतात, म्हणजे त्यावर रेघा उमटतात. आणि थाळी स्वीट. रवा, ओलं खोबरं, साखर, अंडी आणि बदाम एकत्र करून थाळीत भाजायचं. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा भांड्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवून भाजत. मंगळूरकडची मंडळी नाताळच्या या फराळाला कुस्वार म्हणतात. शेजारच्या घरी ताट जातं आणि ताट रिकामं परत पाठवायचं नाही, ही रीत चाळीतल्या दिवाळीत आणि गावठाणातल्या नाताळात सारखीच.

आपल्या घरांत भाजण्याचं काम दिवाळीच्या आधी व्हायचं, ते नानकटाईचं. लालबाग, परळ, गिरगाव, दादर, कुठल्याही भागातल्या जुन्या माणसांना विचारा. मैदा, पिठीसाखर, तूप, वेलची, सगळं सामान पिशवीत घालून बेकरीत जायचं. तिथे भट्टीजवळ बसून बाया परातीत तूप-साखर फेसायच्या. हाताच्या तळव्याने, गोल गोल, तूप पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. या फेसण्यात हवा भरते, आणि तीच नानकटाईला खुसखुशीत करते. ते कमी झालं तर पेढ्यासारखा घट्ट गोळा हाती येतो. हे काम दंडाचं. ज्या बाईचे दंड भरदार, तिच्याकडे परात आपोआप सरकायची. "तुमच्या हाताला जोर आहे हो मावशी, तुम्हीच फेसा." तेच दंड झाकायला पुढे लग्नात कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज शिवायचा, हेही त्याच मावशींना कुणीतरी सांगितलेलं असणार. लाकडाच्या त्या भट्ट्या आता जाताहेत. मुंबईच्या हवेबद्दलच्या प्रकरणात २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या गॅस किंवा तसल्या स्वच्छ इंधनाकडे वळवण्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. धूर कमी होईल, बरंच होईल. नानकटाई गॅसवरही चांगली होते.

माझ्या घरात दोन वजनकाटे आहेत. एक ओट्यावर, एक बाथरूमबाहेर. ओट्यावरच्या काट्याशी माझं चांगलं जमतं. तो म्हणतो लोणी दोनशे ग्रॅम, तर ते दोनशे ग्रॅमच असतं. केकमध्ये अंदाजपंचे चालत नाही. भाजीत मीठ चिमूटभर इकडेतिकडे झालं तर सावरता येतं, पण सोडा अर्धा चमचा जास्त पडला की केक कडवट होतो आणि मध्येच खचतो. तिथे आकडा उपयोगाचा, कारण त्या आकड्यावरून पुढे काय करायचं ते कळतं.

बाथरूमबाहेरच्या काट्याचं तसं नाही. सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवल्यावर त्यावर उभं राहा, किलोभराचा फरक सहज दिसेल, कधी दोन किलोंचाही. आदल्या रात्री लोणचं-पापड जास्त झाला तर मिठाबरोबर अंगात पाणी राहतं. पाळी जवळ आली तर तेच. त्या काट्याला चरबी, पाणी, हाडं आणि स्नायू यांतलं काही वेगळं ओळखता येत नाही. तरी त्या आकड्यावर आपण दिवस कसा जाणार ते ठरवतो. रेल्वे स्टेशनवर रंगीत दिव्यांची वजनाची यंत्रं असायची, आठवतात? नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं जाड तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य किंवा नटनटीचं चित्र. मला वाटतं, वजन आणि भविष्य एकाच तिकिटावर छापणारा माणूस आपल्याला बरोबर ओळखून होता.

आता डॉक्टरकडे गेलं की वजनाबरोबर उंची घेतात आणि बीएमआय काढतात. किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे गणित डॉक्टराचं नाही. अॅडॉल्फ केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८३० च्या दशकात ते मांडलं. तो खगोलशास्त्रज्ञही होता आणि त्याला समाजातला सरासरी माणूस शोधायचा होता. एकेका माणसाची तब्येत तपासणं हा त्याचा उद्देशच नव्हता. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये अॅन्सेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञाने रूढ केलं. आपल्याकडे २३ च्या वर वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा, अशी भारतीयांसाठी निराळी पट्टी डॉक्टर वापरतात, कारण आपल्या लोकांत पोटाभोवतीची चरबी तुलनेने लवकर साठते. पण २०२५ च्या जानेवारीत जगभरच्या तज्ज्ञांच्या एका मोठ्या गटाने लॅन्सेट या वैद्यकीय प्रकाशनाच्या एका नियतकालिकातून सांगितलं, की एकट्या बीएमआयवरून लठ्ठपणाच्या आजाराचं निदान करू नका. कमरेचा घेर बघा, अवयव नीट चालताहेत का ते बघा, माणसाला रोजची कामं जमताहेत का ते बघा.

याच कीज साहेबांचा एक जुना प्रयोग डाएट करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण स्वतःहून उपाशी राहायला तयार झाले. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊपिऊ घालावं हे शोधायचं होतं. सुमारे सहा महिने त्यांना दिवसाला साधारण १५०० ते १८०० कॅलरीच दिल्या आणि चालायलाही लावलं. त्यांचं जवळजवळ पाव वजन उतरलं. ते चिडचिडे झाले, उदास झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली. आणि अन्नाखेरीज त्यांना दुसरं काही सुचेना. ज्यांनी कधी चहासुद्धा केला नसेल असे तरुण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसले. जेवण पुन्हा भरपूर मिळू लागलं, तेव्हा कित्येकांना पोट भरलंय हेच कळेना. आता आपल्याकडे फोनवर फिरणारे डाएटचे तक्ते बघा. १२०० चा आकडा त्यात सर्रास असतो. तो पाळणारी बाई सकाळी चारला उठून डबे करते, दोन गाड्या बदलून कामावर जाते आणि रात्री अकरा वाजता मोबाइलवर केकचे व्हिडिओ बघत बसते. मग स्वतःला म्हणते, माझा जिभेवर ताबाच नाही. ताबा नसता तर ती इतके दिवस उपाशी राहिली असती का?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर कुणी म्हणेल ही बाई केक विकते म्हणून असं बोलते. मधुमेह आपल्याकडे अफाट आहे. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या अभ्यासात देशातल्या मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या पुढे गेला. ज्यांना साखर आहे त्यांनी गोळी चुकवू नये, तपासण्या कराव्यात आणि केकचं काय ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं. पण साखर तपासायला जाणं आणि स्वतःची लाज वाटणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ज्यांना लाज वाटते ते तपासायला जातच नाहीत, कारण डॉक्टर आधी वजनावरून बोलतील याची धास्ती. अशा बायका माझ्या ओळखीत आहेत. गुडघा दुखतो, तरी दवाखान्यात जायचं टाळतात.

आपली भाषासुद्धा या बाबतीत निष्ठुर आहे. कुणी बऱ्याच दिवसांनी भेटलं की पहिलं वाक्य काय? "काय गं, सुटलीस!" नाहीतर, "वा, बारीक झालीस!" टायफॉइडमधून उठलेल्या एका बाईला "कसं केलंस गं, आम्हालाही सांग" असं कुणीतरी विचारताना मी स्वतः ऐकलंय. एकीकडे बारीक होण्याचं एवढं कौतुक आणि दुसरीकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के अशक्त रक्ताच्या, म्हणजे अॅनिमिया असलेल्या निघाल्या. हिमोग्लोबिन किती, हे मात्र लग्नात भेटलेली आत्या कधी विचारत नाही.

आणि मुंबईत तर अंग लपवायला जागाच नाही. लोकलच्या तिघींच्या बाकावर चौथी सीट असते. ती कुठे लिहिलेली नाही, पण असते. "जरा सरकता का?" म्हणत बाई टेकते आणि बाकीच्या तिघींच्या कमरेचा हिशेब होतो. मी बराच काळ चौथ्या सीटवर बसणं टाळायचे, उभी राहायचे. का, तर माझ्यामुळे कुणाला अडचण नको. एकदा एका कोळीणबाईने मनगटाला धरून खाली बसवलं. म्हणाली, "बस गं, पाय काय भाड्याने आणलेत?" तिचं स्वतःचं माप माझ्या दीडपट होतं आणि ती ऐसपैस बसली होती. दिवसभर टोपली डोक्यावर वाहणाऱ्या बाईने बसण्याची परवानगी मागायची कुणाकडे?

हे ऐकून तुम्हाला वाटेल, आता मी सांगणार की आरशासमोर उभं राहा आणि मी सुंदर आहे असं म्हणा. मला ते जमत नाही. खोटं वाटतं आणि सकाळी तेवढा वेळही नसतो. मला जमतं ते फारच साधं. माझा शिंपी ब्लाउजला आत दोन बोटं माया ठेवतो आणि दर सणाला न विचारता हवी तेवढी उसवतो किंवा घेतो. कधी हसत नाही, कधी काही बोलत नाही. त्याच्या दृष्टीने अंग बदलणारच, शिवण त्याप्रमाणे हलवायची. मीही आता फोटो काढताना मागच्या रांगेत जात नाही. समुद्रावर गेलो तर पाण्यात उतरते. आणि भाचीसमोर मी माझ्या पोटाबद्दल बोलणं बंद केलंय. ती शाळेत आहे, तिने अजून पोळीवर तूप लावू नको म्हणायला सुरुवात केलेली नाही. मावशी काय बोलते ते मुली ऐकत असतात, आणि मावशी बशीत किती घेते हेही बघत असतात.

कपाटात काही जीन्स आणि कुर्ते होते, बारीक झाल्यावर घालू म्हणून राखून ठेवलेले. दार उघडलं की रोज दिसायचे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ते सगळे बोहारणीला दिले. तिने नेहमीप्रमाणे घासाघीस केली, चेन तुटलीय म्हणाली, शेवटी एक खोलगट भांडं दिलं. ते बरोबर माझ्या जुन्या कुकरात बसतं. ऑर्डरीचे केक मी ओव्हनमध्येच करते, पण घरच्यांसाठीचा केक आता त्या भांड्यात होतो. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांच्यासाठी सांगते, लिहून घ्या.

एक कप दही आणि पाऊण कप साखर विरघळेपर्यंत फेटायची. त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घालून पाच मिनिटं ठेवायचं, बुडबुडे येतील. मग अर्धा कप तेल, थोडा व्हॅनिला आणि दीड कप चाळलेला मैदा. हलक्या हाताने मिसळायचं, घोटायचं नाही. चमचा म्हणजे मापाचा छोटा चमचा. नाताळ आहे म्हणून मूठभर काळ्या मनुका संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवून, निथळून आणि मैद्यात घोळवून घाला, म्हणजे तळाशी बसणार नाहीत. कुकरच्या तळाशी दोन वाट्या जाडं मीठ पसरायचं, त्यावर स्टँड, आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचं. मग तेल-मैदा लावलेल्या भांड्यात मिश्रण ओतून आत ठेवायचं, झाकण लावायचं आणि आच मंद करायची. चाळीसेक मिनिटांनी सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं. पूर्ण थंड होईपर्यंत कापू नका, भुगा होतो. कुकरात पाणी अजिबात घालायचं नाही. आणि शिटी व झाकणाची रबरी रिंग, दोन्ही आधी काढून ठेवायला विसरू नका.

नमस्कार.