फाईल विकत घेण्याआधी काढलेले दात जमवा | कोकणातल्या डेंटिस्टसाठी रूट कॅनल

नमस्कार डॉक्टर मंडळी. आजचा व्हिडिओ पेशंटसाठी नाही, आपल्यासाठी आहे. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत तालुक्याच्या गावात एकट्याने क्लिनिक चालवणारे, बीडीएस झाल्यापासून आरसीटी, म्हणजे रूट कॅनल ट्रीटमेंट, करत आलेले आणि यंदा तरी एंडोचा (याच उपचारांच्या शाखेचा) एखादा चांगला कोर्स करायचाच असं ठरवलेले जे कुणी असाल, त्यांच्याशी मला बोलायचं आहे.

कोर्स म्हटलं की आपल्याला काय करावं लागतं ते मुंबई-पुण्याच्या मंडळींना कळणार नाही. शनिवार-रविवार क्लिनिक बंद, कोकण रेल्वेचं तिकीट किंवा रात्रीची ट्रॅव्हल्स, हॉटेल, वर फी. एवढं करून रविवारी संध्याकाळी बरेचदा हाती काय येतं? एका कंपनीची फाईल सिस्टिम, म्हणजे कॅनल घासायच्या बारीक सुयांचा संच, आणि तिचा क्रम. आधी ही फाईल, मग ती, एवढे आरपीएम, एवढा टॉर्क. प्लास्टिकच्या ब्लॉकमध्ये कॅनल, म्हणजे दाताच्या मुळातली नळी, सुरेख तयार होतो. सोमवारी आपल्या खुर्चीत सत्तरीच्या आजोबांची वरची सहावी, म्हणजे पहिली मोठी दाढ येते, आणि तिचा चेंबर (आतली पोकळी) कॅल्सिफाय होऊन बुजलेला असतो. तिथे तो क्रम उपयोगी पडत नाही.

म्हणून सांगतो, कोर्स जरूर करा, पण फाईल शिकायला जाऊ नका. कॅनलची रचना, निर्जंतुकीकरण आणि हाताची सवय या तीन गोष्टी शिका. त्यातला मोठा भाग आपल्याच क्लिनिकमध्ये, दुपारी पेशंट नसताना शिकता येतो. तो कसा, ते आज दाखवतो.

आधी हा आग्रह का, ते सांगतो. १९६५ साली काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड या तिघांनी लॅबमधल्या उंदरांच्या दाढा पल्पपर्यंत, म्हणजे दाताच्या आतल्या जिवंत मऊ भागापर्यंत, उघडल्या आणि तशाच सोडल्या. साध्या उंदरांचा पल्प सडला, मुळाशी गळू झाला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांत अन्न अडकत राहिलं, तरी पल्प जगला, आणि उघड्या जागेवर नवं डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) धरू लागलं. आपण कॉलेजात हे परीक्षेपुरतं वाचतो. पण आरसीटी कशाशी भांडते, याचं उत्तर तिथेच आहे. भांडण जंतूंशी आहे. आणि मायक्रो-सीटीने, म्हणजे अगदी बारीक तपशील दाखवणाऱ्या स्कॅनने, पाहिलं तर कोणतीही रोटरी (मोटरने फिरणारी) फाईल घ्या, कॅनलच्या भिंतीचा साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग तिला शिवलेलाच नसतो. अरुंद तोंडाची बाटली ब्रशने कितीही घासा, खळबळून धुतल्याशिवाय तिचा वास जात नाही. तसंच हे. फाईल वाट करते, काम हायपो, म्हणजे धुवायचं सोडियम हायपोक्लोराइट, करतं.

(काढलेली दाढ कॅमेऱ्याजवळ)

आता हे बघा. ही वरची पहिली दाढ, पेशंटला विचारून ठेवून घेतलेली. दात काढला की मऊ भाग साफ करायचा, धुवायचा, आणि ऑटोक्लेव्ह करून ओल्या अवस्थेत ठेवायचा. वाळला की तडकतो. चांदी (पारा मिसळलेलं अमाल्गम) भरलेला दात मात्र ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, पाऱ्याची वाफ होते. तो दोन आठवडे दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा.

सुरुवातीला फाईल हातात घेऊ नका. फक्त ॲक्सेस करा, म्हणजे दात वरून उघडा, आणि तळ बघा. चांगला उजेड आणि लूप्स (मोठं दाखवणारा चष्मा) असतील तर दिसेल की चेंबरचा तळ भिंतींपेक्षा गडद आहे. गडद तळ आणि फिकट भिंत जिथे भेटतात, त्या रेषेवर कॅनलची तोंडं असतात. क्रास्नर आणि रँको यांनी ५०० दातांचे तळ तपासून २००४ मध्ये हे नियम मांडले. चेंबर सीईजेच्या, म्हणजे दाताचं एनॅमल आणि मूळ जिथे भेटतात त्या रेषेच्या, पातळीला मध्यभागी असतो, तोंडं भिंत आणि तळाच्या सांध्यावर असतात. हा रंग एकदा ओळखता आला की बर (कोरायचं टोक) कुठे थांबवायचा ते समजतं, आणि तळाला भोक पडायची भीती बरीच जाते.

हे मीझिओबक्कल (पुढचं, गालाकडचं) तोंड, हे पॅलेटल (टाळूकडचं). या दोघांना जोडणारी रेघ मनात काढा. एमबीटू, म्हणजे मीझिओबक्कल मुळातला दुसरा कॅनल, या रेघेवर किंवा तिच्या किंचित मीझिअल (पुढच्या) बाजूला असतो, आणि बहुतेक वेळा डेंटिनच्या एका ओठाखाली दडलेला असतो. अल्ट्रासॉनिक टिपने किंवा लांब दांड्याच्या बारीक गोल बरने तो ओठ हलक्या हाताने उतरवायचा. वरच्या पहिल्या दाढेत हा कॅनल निम्म्याहून जास्त वेळा असतो. म्हणजे तो आहे असंच धरून चालायचं. "तीन कॅनल मिळाले, झालं" ही सवय मोडायला काढलेल्या दाढांसारखा गुरू नाही. इथे वेळेचं दडपण नाही, पेशंट तोंड मिटत नाही, आणि शेवटी दाढ उभी कापून आपण काय केलं ते बघता येतं.

ज्यांना हौस आहे त्यांनी दात पारदर्शक करून बघा. ॲक्सेस करून आत काळी शाई भरायची. पाच टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये तीनेक दिवस ठेवायचा, ॲसिड रोज बदलायचं. दात रबरासारखा झाला की वाहत्या पाण्यात चांगला धुवायचा. मग ८०, ९० आणि १०० टक्के अल्कोहोलमधून पाणी काढायचं आणि मिथाइल सॅलिसिलेटमध्ये सोडायचा. हातमोजे, चष्मा, खिडक्या उघड्या, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी जागा. हळूहळू दात काचेसारखा होतो आणि शाईचं जाळं दिसू लागतं. मुळाच्या टोकाशी फुटलेल्या बारीक शाखा, दोन कॅनलना जोडणारे पडदे, कुठेच सरळ न जाणारी वाट. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला डेंटिस्ट हायपो वाचवत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता हायपोचं बोलू. याच्यावरच मला आज सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

सोडियम हायपोक्लोराइट पल्पचा कुजका भाग विरघळवतं, दुसरं कुठलंही द्रावण ते इतकं करत नाही. ३ टक्के घ्या किंवा ५ टक्के घ्या, पण ताजं आणि भरपूर घ्या. उष्णता, उजेड आणि हवा लागली की त्यातला क्लोरीन कमी होत जातो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या छपराखालच्या स्टोअरमध्ये बाटली महिनाभर पडली तर तिच्यावर भरवसा ठेवू नका. लहान आणि गडद बाटल्या मागवा, फोडल्याची तारीख लिहा, थंड जागी ठेवा. कपड्यांचं ब्लीच वापरू नका. त्यात काय काय मिसळलंय ते आपल्या हातात नसतं.

सुई ३० गेजची, बाजूने भोक असलेली. रबर स्टॉपर लावा आणि वर्किंग लेंथच्या (कॅनलच्या मोजलेल्या लांबीच्या) एक ते दोन मिलिमीटर अलीकडे थांबा. सुई अडकता कामा नये. सतत वर-खाली हलवत राहा, आणि पिस्टन अंगठ्याने न दाबता तर्जनीने दाबा, म्हणजे जोर आपोआप कमी राहतो. प्रत्येक फाईलनंतर हायपो, शेवटी १७ टक्के ईडीटीए (भिंतीवरचा चुरा काढणारं द्रावण) एक मिनिट, पुन्हा हायपो. ईडीटीए आणि हायपो एकत्र मिसळून ठेवू नका, हायपोचा क्लोरीन लगेच जातो. क्लोरहेक्सिडिन हे दुसरं जंतुनाशक वापरणार असाल तर मध्ये सलाईनने नीट धुवा, नाहीतर कॅनलमध्ये तपकिरी गाळ बसतो आणि तो निघता निघत नाही.

आणि हे सगळं रबर डॅम, म्हणजे दात बाकी तोंडापासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लावूनच. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी रबर डॅम १८६४ मध्ये आणला. दीडशे वर्षांहून जुनी वस्तू आहे, महाग नाही, तरी कितीतरी क्लिनिकमध्ये ती ड्रॉवरमध्येच राहते. "पेशंटला आवडत नाही" असं आपण म्हणतो. पेशंटला घशात उतरणारं हायपो त्याहून नक्कीच आवडत नाही. आधी स्वतःच्या असिस्टंटला लावून सराव करा, मग तिला लावायला शिकवा. काही आठवड्यांत दोघांचाही हात बसतो.

हायपो मुळाच्या बाहेर गेलं तर काय? पेशंट एकदम कळवळतो, गाल बघता बघता सुजतो, कॅनलमधून रक्त येतं. तिथेच थांबा, घाबरू नका. सलाईनने हलके धुवा, रक्त वाहू द्या, वेदनाशामक द्या. पहिला दिवस थंड शेक, नंतर कोमट. पेशंटला काय झालं ते स्पष्ट सांगा आणि रोज बघा. सूज गळ्याकडे उतरत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर ताबडतोब हॉस्पिटल. आपल्याकडे मोठं हॉस्पिटल दूर असतं, म्हणून नंबर आणि गाडी आधीच ठरलेली हवी.

फाईलबद्दल थोडक्यात. निकेल-टायटॅनियमची फाईल एंडोत १९८८ पासून चर्चेत आली. वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑर्थोच्या, म्हणजे दात सरळ करायच्या, तारेपासून ती घडवली होती. आता उष्णता-प्रक्रिया केलेल्या फाईल वळणात जास्त टिकतात. पण तुटण्याची दोन कारणं कायम आहेत. टोक अडकून पिळणं आणि वळणात फिरून फिरून थकणं. पहिल्याचा उपाय ग्लाइड पाथ, म्हणजे आधी हाताने केलेली मोकळी वाट. दहा नंबरची के-फाईल पूर्ण लांबीपर्यंत सैल फिरली पाहिजे, मग मोटर. दुसऱ्याचा उपाय, फाईल पुन्हा पुन्हा न वापरणं. पैसे वाचवायला आपण तिला ओढत नेतो, आणि मग ती तुटून सातवीच्या (दुसऱ्या मोठ्या दाढेच्या) मीझिअल कॅनलमध्ये बसते.

ॲपेक्स लोकेटर (मुळाचं टोक कुठे ते सांगणारं यंत्र) चुकीचं दाखवतो अशी तक्रार असेल तर आधी चेंबर कोरडा करा आणि फाईल चांदीला किंवा कॅपच्या धातूला टेकत नाही ना ते बघा. बॅटरी भरलेली ठेवा. आणि एक एक्स-रे काढाच.

कॅनल भरताना आता कॅल्शियम सिलिकेटचे सीलर (फटी बुजवणारे लेप) आले आहेत. त्यांची मुळं १९९३ मध्ये लोमा लिंडाच्या तोराबिनेजाद यांनी आणलेल्या एमटीए या दातांच्या सिमेंटात आहेत. हे पदार्थ ओलाव्याने घट्ट होतात, म्हणूनच आपल्या पावसाळ्यात एमटीएचं फोडलेलं पाकीट दुसऱ्या दिवशी दगड झालेलं सापडतं. हवाबंद डबीत सिलिका जेल घालून ठेवा. कॅनलमध्ये भरायचा रबरासारखा गटापर्चा मात्र जुनाच सोबती. तो ज्या झाडाच्या चिकापासून येतो, ते आपल्या बकुळीच्या आणि चिकूच्याच कुळातलं आहे.

आता आपल्याकडचा खास प्रश्न. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, दाढ ठणकते, आणि म्हणतात, "डॉक्टरांनू, ही दाढ काडूनच टाका, माका परत येवक जमाचा नाय." काढायची घाई करू नका. एका बैठकीत आणि अनेक बैठकींत केलेल्या आरसीटीच्या यशात फरक दिसत नाही, हे कोक्रेन या संस्थेने अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत आलंय. एका बैठकीत नंतर दुखणं किंचित जास्त असू शकतं, तेवढं सांगून ठेवा. कॅनल कोरडे होत असतील, पू येत नसेल आणि आपल्याकडे वेळ असेल तर त्याच दिवशी पूर्ण करा. नसेल होत, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, त्यावर किमान साडेतीन मिलिमीटर जाडीचं तात्पुरतं भरण, आणि हातात चिठ्ठी. चिठ्ठीत कॅनल किती, लांबी किती, काय भरलंय, सगळं लिहा, म्हणजे मुंबईचा डॉक्टर पुढे काम करू शकेल. आरसीटी पूर्ण झाली तरी पक्कं भरण त्याच दिवशी करून पाठवा. वरचं भरण गळकं असेल तर खालचं उत्तम काम वाया जातं, हे रे आणि ट्रोप या संशोधकांनी १९९५ मध्येच दाखवलंय.

कोर्स निवडताना आयोजकांना फोन करून चार गोष्टी विचारा. प्रत्यक्ष हातकाम किती तास? खऱ्या दातांवर की ब्लॉकवर? सराव रबर डॅम लावून होतो का? आणि शिकवणारे आपल्या केसेसचे वर्षभरानंतरचे एक्स-रे दाखवतात का? चौथ्या प्रश्नाला "हो" आलं तर तिकीट काढा.

त्याच्याही आधी एक करा. आपल्याकडे महिन्यातून एकदा-दोनदा एंडोडॉन्टिस्ट व्हिजिटला येतात. त्यांना केस देऊन आपण शेजारच्या खुर्चीवर दुसरा पेशंट घेतो. त्या दिवशी अपॉइंटमेंट ठेवू नका. त्यांच्या बाजूला उभे राहा, सक्शन स्वतः धरा, त्यांचे डोळे कुठे जातात ते बघा. कठीण कॅनलमध्ये ते कुठे थांबतात आणि कधी "आज एवढंच" म्हणतात, हे कुठल्याही स्लाइडवर नसतं.

आणि स्वतःच्या केसेसची वही ठेवा. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडॉन्टॉलॉजी सांगते, किमान एक वर्षाने तपासा, गरज पडली तर चार वर्षांपर्यंत. मुळाशी काळा डाग होता तो भरतोय का, हे त्याशिवाय कळणार नाही. आपले पेशंट गावी सणाला येतातच. यंदाच्या गणपतीत ज्यांची दाढ केली त्यांना पुढच्या गणपतीआधी आठवडाभर फोन करा, एक्स-रे मोफत काढा. होल्डर तोच आणि कोन तोच ठेवा, नाहीतर दोन फिल्म्सची तुलना होत नाही. पुढच्या व्हिडिओत असे जोडीने काढलेले एक्स-रे घेऊन बसतो, बरे झालेलेही आणि न झालेलेही. तुमच्याकडचे असतील तर पेशंटचं नाव झाकून पाठवा.