सेन्सर बदलण्याआधी वायरी मोजा

मंडळी, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही गॅरेजात येणारी ही तक्रार आहे. गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही, गरम असताना पटकन स्टार्ट होत नाही, सकाळी थंडगार इंजिनवरसुद्धा रेडिएटरचा फॅन फिरत राहतो. स्कॅनर, म्हणजे गाडीतले दोष वाचणारं यंत्र, लावला की पी ०११८ किंवा पी ०११७ असा दोषाचा कोड येतो, आणि लगेच निकाल लागतो, ‘कूलंट सेन्सर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान सांगणारा) गेलाय, नवीन टाका.’ माझं म्हणणं एवढंच आहे की तो कोड सर्किटचा आहे. सर्किटमध्ये सेन्सर आला, दोन वायरी आल्या, कपलर (वायरी सेन्सरला जोडणारा प्लग) आला आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही आला. न मोजता पार्ट बदलला तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि चार दिवसांनी तीच गाडी दारात उभी राहते.

ईसीएम आपल्या आतल्या एका रेझिस्टरमधून सेन्सरला पाच व्होल्ट देतो. दुसरी वायर अर्थिंगची. इंजिन तापेल तसा सेन्सरचा रेझिस्टन्स घटतो आणि वायरीवरचा व्होल्टेजही उतरतो. वायर तुटली तर पाचचे पाच व्होल्ट तसेच राहतात. ईसीएमला वाटतं इंजिन उणे ४० अंशांवर आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. वायर अर्थ झाली तर व्होल्टेज शून्यावर येतो आणि तापमानाचा आकडा १३० अंशांच्या वर जातो.

यावरूनच तपासणी निघते. इंजिन बंद, चावी ऑन. कपलर काढा, स्कॅनरवर उणे ४० आलं पाहिजे. मग कपलरच्या वायरीकडच्या बाजूच्या दोन्ही पिना बारीक वायरीने जोडा, आकडा एकदम वर गेला पाहिजे. दोन्ही झालं तर वायरी आणि ईसीएम ठीक आहेत, दोष सेन्सरमध्ये किंवा पिनांच्या पकडीत. नाही झालं तर सेन्सरला हात लावू नका, मल्टिमीटर घेऊन ईसीएमच्या दिशेने चला. काही गाड्यांत कोड लागला की ईसीएम स्वतःच अंदाजाचा आकडा धरतो. तिथे स्कॅनरवर विसंबू नका, कपलरवर पाच व्होल्ट येतात का ते मीटरने बघा. आणि बॅटरीचा १२ व्होल्ट या वायरीला चुकूनही लावू नका.

आता सगळ्यात फसवा दोष. पिनेवर हिरवट गंज चढतो. वायर तुटलेली नसते, कोडही येत नाही, पण सर्किटमध्ये समजा २०० ओहम वाढतात. नेहमीच्या सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम असतो. तिथे २०० वाढले तर एखाद-दोन अंशांचा फरक, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ९० अंशांना तोच सेन्सर अडीचशेच्या आसपास असतो. तिथे २०० वाढले की ईसीएमला इंजिन सत्तरीतच दिसतं. म्हणून सकाळी थंड गाडीवर मोजून ‘ओके’ म्हणणं पुरेसं नाही. गाडी पूर्ण गरम करा, वायर हलवत आकडा बघा, अर्थिंगच्या वायरीवरचा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत वाया जाणारा व्होल्टेज, मोजा.

आपल्याकडे हे जास्त होणार. गगनबावड्याच्या पावसात रोज धावणाऱ्या गाड्या आहेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी शिरलेल्या गाड्याही आहेत. अशा गाडीत आधी कपलर उघडून उजेडात धरा आणि रबरी सील जागेवर आहे का बघा.

सेन्सर खरोखरच गेला असेल तर जरूर बदला, पण थंड इंजिनवरच. कूलंट कमी राहिलं किंवा आत हवा अडकली तर सेन्सरचं टोक कूलंटमध्ये बुडत नाही, आणि नवीन सेन्सरही खोटा आकडा देतो. कूलंट भरून हवा काढा, फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत स्कॅनर जोडलेला ठेवा, आणि मग गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्या.